एक्केचाळीस गोल

प्राचार्यांच्या खोलीत शिरताना गजभिये सरांनी सवयीने आधी खुर्ची शोधली. गुडघे धरल्यापासून ते कुठेही गेले तरी माणसं नंतर पाहत, खुर्ची आधी. आज खुर्ची होती, पण तिच्यावर एक भली मोठी फ्रेम ठेवलेली होती.

"बसा ना सर," अरुंधती पांढरीपांडे मॅडम म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष फ्रेमकडे गेलं. "नको, बसू नका. आधी हे बघा!"

प्रेमानंद गजभिये हे कॉलेजचे क्रीडाशिक्षक. नोकरीला तीस वर्षं झालेली, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. मॅडमच्या तोंडून 'आधी हे बघा' ऐकलं की त्यांना ऐकताक्षणीच थकवा येई, कारण बघून झाल्यावर काहीतरी करावं लागे.

फ्रेम रंगरंगोटीच्या वेळी जुन्या कपाटामागे सापडली होती. फोटोत अकरा पोरं, गुडघ्यापर्यंतच्या ढगळ चड्ड्या, तेल लावून चापून बसवलेले केस आणि चेहरे असे, की फोटोवाल्याने आत्ताच काहीतरी वाईट बातमी दिली असावी. मधोमध स्टुलावर एक चकचकीत ढाल. खाली बारीक अक्षरांत अकरा नावं आणि 'फुटबॉल संघ, १९५७-५८'.

"चॅम्पियन टीम, सर! आपल्या कॉलेजची!"

"मॅडम, असं कुठं लिहिलं आहे का?"

"ढाल आहे ना समोर! कोणी उगाच ढाल घेऊन फोटो काढतं का?" मॅडमचा आवाज खाली आला. "आणि मी मार्तंडरावांना फोन करून सांगूनही टाकलं."

इथे सरांना खरंच बसावंसं वाटलं.

मार्तंडराव ठोंबरे म्हणजे संस्थेचे सचिव. कॉलेजचा यंदा अमृतमहोत्सव होता आणि त्यानिमित्त मैदानाच्या जागी एक मोठं सभागृह आणि त्याच्यापुढे लग्नांसाठी लॉन करावं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मैदान हवंच कशाला, हा त्यांचा सवाल होता. मागे पाहणीला आले तेव्हा ते म्हणाले होते, "गजभिये सर, इथं खेळतं कोण? मला तर तीन म्हशी दिसून राहिल्या."

"त्या सकाळी असतात साहेब," सर म्हणाले होते. "पोरं संध्याकाळी येतात."

पोरं संध्याकाळी येत, हे खरं होतं. किती येत, ते मार्तंडरावांनी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही. तीस वर्षांत सरांच्या संघाने एकही चषक आणलेला नव्हता. पण या तीस वर्षांत मैदानावर चुन्याची रेघ नाही अशी एक संध्याकाळ गेली नव्हती. दगड त्यांनी स्वतः वेचले होते. त्यामुळे या वयात, या गुडघ्यांनिशी, त्या मैदानावर लग्नाच्या पंगती उठताना पाहायची त्यांची तयारी नव्हती.

"मार्तंडराव म्हणाले, एवढी जुनी परंपरा असेल तर विचार करू," मॅडम म्हणाल्या. "अमृतमहोत्सवात या संघाचा सत्कार ठेवायचा. तुम्ही फक्त माहिती काढा. किती सामने जिंकले, कोणाला हरवलं, वगैरे."

माहिती ग्रंथालयात होती. ग्रंथपाल वैभवीने माळ्यावरून कॉलेजच्या वार्षिक अंकांचा गठ्ठा काढून दिला आणि तोंडाला ओढणी बांधून लांब उभी राहिली. अठ्ठावन्न सालच्या अंकात 'क्रीडा विभाग' या मथळ्याखाली पाऊण पान होतं. पहिलंच वाक्य वाचून सरांनी खुर्ची ओढली. 'यंदा आमच्या फुटबॉल संघाने सात सामने खेळून खिलाडू वृत्तीचे उत्कृष्ट दर्शन घडविले.'

आयुष्यभर असे अहवाल सरांनीही लिहिले होते. खिलाडू वृत्तीचं दर्शन कोणता संघ घडवतो, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पुढे सगळं आलंच. कामठीच्या संघाकडून नऊ गोलांनी हार. जबलपूरकडून आठ, अमरावतीकडून सात, छिंदवाड्याकडून सहा, भंडाऱ्याकडून पाच. वर्ध्यानेही सहा केले, मात्र त्या सामन्यात आपल्या नावावर एक गोल जमा होता. तो वर्ध्याच्याच खेळाडूने गडबडीत स्वतःच्या जाळ्यात मारला होता. सातवा सामना चांद्याला अनिर्णित राहिला, 'कारण पूर्वार्धातच चेंडू फुटला व गावात दुसरा उपलब्ध नव्हता.'

"काय सर, सापडलं?" वैभवीने लांबून विचारलं.

"सापडलं," सर म्हणाले. "आता हे हरवता येते का, पाहतो."

पण हरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी अंक उचलला आणि सरळ मॅडमकडे नेला. मॅडमनी पाऊण पान दोनदा वाचलं, अंक मिटला आणि टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं.

"याला वाळवी लागली आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, वाळवी तर कुठंच दिसली नाही."

"लागेल. सर, निमंत्रणपत्रिका छापून आल्या." त्यांनी एक पत्रिका पुढे सरकवली. सोनेरी अक्षरांत 'अजिंक्य फुटबॉल संघाचा गौरव' असं होतं. "अजिंक्य शब्द मीच सुचवला होता. चांगला आहे की नाही? गजभिये सर, मला एक सांगा, तुम्हाला मैदान पाहिजे की इतिहास?"

सरांनी पत्रिका खिशात ठेवली.

प्रकरण इथेच थांबलं असतं. फोटोला हार घातला असता, दोन भाषणं झाली असती आणि सगळे जेवायला गेले असते. पण पत्रिका वाचून मार्तंडरावांचाच फोन आला. "नुसत्या फोटोचा काय सत्कार करता? त्यातला कोणी जिवंत असेल ना? त्याला स्टेजवर आणा. त्याच्या तोंडून ऐकू द्या लोकांना."

सर माजी विद्यार्थ्यांची यादी घेऊन बसले. एकेका घरी फोन लागत गेला. पहिले गेले होते, दुसरेही गेले होते, तिसऱ्यांच्या सुनेने 'बाबा तर चौदा सालीच गेले' असं सांगितलं. दहावं नाव खोडलं तेव्हा सरांना थोडं हलकं वाटलं आणि लगेच आपलीच लाज वाटली. अकरावा होता गोलकीपर, चंपतराव भोयर, मुक्काम पारशिवनी. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला आणि पलीकडून खणखणीत आवाज आला, "हाव, मी चंपत भोयर. कोण बोलून राहिलं?"

चंपतराव अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी सर एसटीने पारशिवनीला पोचले तेव्हा ते ओसरीत चष्म्याशिवाय पेपर वाचत होते. कान शाबूत, दात बरेचसे स्वतःचे. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई भिंतीचा आधार घेत घेत चहा घेऊन आल्या. त्यांचेही गुडघे गेलेले पाहून सरांना घरच्यासारखं वाटलं.

"कॉलेजातून आले जी मास्तर," चंपतरावांनी बायकोला सांगितलं. "माझा सत्कार करतो म्हंते. फुटबॉलचा."

"करतीनच ना," पार्वतीबाई म्हणाल्या आणि बशी सरांच्या हातात दिली. "लय खेळत हे."

सरांनी जपून सुरुवात केली. "बाबा, सत्तावन सालचं तुम्हाले कितीक आठवते?"

चंपतरावांनी पेपरची घडी घातली आणि उठले. "इथं नाही. चला मास्तर, वावर दाखवतो."

वावरात संत्र्याच्या दोन झाडांमध्ये चंपतराव उभे राहिले आणि सरांच्या लक्षात आलं, की ते गोलात उभे आहेत.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. "एका सीझनमधी एक्केचाळीस गोल खाल्ले मी. सारेच्या सारे आठवते मले. कामठीचा पहिला डाव्या अंगानं आला. मी उजवीकडं उडालो. दुसरा उजव्या अंगानं आला."

"मंग तुम्ही डावीकडं उडाले."

"नाही. दुसऱ्याले मी उडालोच नाही. पहिल्यानंच कंबर धरली होती."

ते एकेक गोल सांगत गेले. कुठून किक आली, वारा कोणत्या अंगाचा होता, जबलपूरच्या उंच पोऱ्याने डोक्याने कसा मारला, सगळं हात-पाय हलवून. सर एका बांधावर बसले. अठ्ठाविसाव्या गोलापर्यंत त्यांनी मोजलं, मग नुसतंच ऐकलं.

"आणि ढाल, बाबा? फोटोत ढाल आहे ना."

"थे वक्तृत्वाची होय गा!" चंपतराव हसले. "फोटोवाला म्हणे मधात लय खाली खाली दिसून राहिलं, काहीतरी ठेवा. वक्तृत्ववाले पोट्टे बाजूलेच उभे होते. त्यायच्या हातची घेतली, फोटो झाला, वापस देल्ली."

आता बोलणं भाग होतं. सरांनी मैदानाचं सांगितलं, लॉनचं सांगितलं, मार्तंडरावांचं आणि म्हशींचंही सांगितलं. शेवटी हात जोडले. "बाबा, खोटं बोला असं म्हणत नाही मी. फक्त स्टेजवर एवढंच म्हणा, का जुने दिवस आठवले, सगळ्यायचे आभार. आणि बसून जा."

चंपतरावांचा चेहरा बदलला. "मास्तर, मी गोलकीपर होतो. बाकीचे दहा जण म्हणू शकत, आम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं. लपवाले सांगता काय मले? बोलावसान तर येईन. विचारसान तर सांगीन. नाही तर नका बोलावू."

"आजी येतीन का संगं?" सरांनी हरलेल्या आवाजात, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"ही? छे. हिच्या गुडघ्याले गाडी सोसत नाही. मी एकटाच येतो."

परतीच्या एसटीत सरांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते त्यांना सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला बोलावू नका, असं स्पष्ट सुचवलं. मॅडमनी विचार केला आणि त्यांना ते निराळंच दिसलं. म्हातारा माणूस एकटा येतो, म्हणून कडक बोलतो. घरचं माणूस सोबत असलं की जरा नरमेल. म्हातारा नको म्हणेल म्हणून त्याच्या नकळत त्यांनी स्वतः फोन करून सत्कार सपत्नीक असल्याचं पार्वतीबाईंना कळवलं, त्यांच्यासाठी मागची सीट मोठी असलेली वेगळी गाडी ठरवली आणि गुडघ्यांखाली घ्यायला दोन उशासुद्धा ठेवायला सांगितल्या.

सरांनी आपल्या परीने एकच बंदोबस्त केला. माईकवाल्याला बाजूला घेऊन ते म्हणाले, "म्हातारबुवा बोलाले उभे राहिले का माझ्याकडं पाहत राहायचं. मी डोक्यावरून हात फिरवला का माईक बंद."

"खराब झाला म्हणू?"

"काही म्हणू नको. नुसता बंद कर."

समारंभाच्या दिवशी मैदानावर मांडव पडला. तीस वर्षांत तिथे कधी आली नव्हती एवढी गर्दी आली आणि सरांच्या चुन्याच्या रेघा खुर्च्यांखाली गेल्या. पार्वतीबाईंना मॅडमनी हाताला धरून पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. चंपतराव स्टेजवर होते, पांढऱ्या टोपीत, ताठ. खाली बायको आलेली त्यांनी पाहिली होती की नाही, देव जाणे. ते सकाळच्या एसटीने एकटेच पुढे आले होते, ती नंतर गाडीने आली होती, आणि स्टेजवर गेल्यावर हारांच्या ढिगातून त्यांना समोरचं फारसं दिसत नव्हतं.

हार उतरवले, शाल पांघरली आणि चंपतराव माईकसमोर आले. मार्तंडराव खुर्चीत पुढे सरकून बसले.

"सत्तावन साली आम्ही सात मॅची खेळलो," चंपतराव म्हणाले. "पहिली कामठीसंगं. नऊ गोल झाले."

गजभिये सरांनी डोक्यावरून हात फिरवला. माईक बंद पडला.

"आवाज! आवाज!" मांडव ओरडला. सर पुन्हा पुन्हा डोक्यावरून हात फिरवत राहिले, कारण आता त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. तेवढ्यात मार्तंडरावच उठले. अध्यक्षांच्या भाषणासाठी ठेवलेला दुसरा माईक त्यांनी उचलला आणि चंपतरावांच्या हातात दिला. "बोला बाबा, बिनधास्त बोला. नऊ गोल! कोणी केले नऊ गोल?"

चंपतरावांनी तोंड उघडलं. माईक हातात आल्यामुळे ते दोन पावलं पुढे आले होते आणि पहिली रांग आता त्यांच्या अगदी पुढ्यात होती. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. पार्वतीबाई पदर सावरून, मान वर करून त्यांच्याकडे पाहत होत्या.

सरांनी डोळे मिटून घेतले.

"नऊ गोल," चंपतराव म्हणाले. घसा साफ केला. "आम्ही केले."

सरांनी डोळे उघडले.

"पहिला डाव्या अंगानं मारला. त्यायचा गोलकीपर उजवीकडं उडाला. बिचाऱ्याची कंबर धरली. दुसऱ्याले तो उडालाच नाही!" मांडवात हशा पिकला. चंपतराव आता थांबायला तयार नव्हते. "जबलपूर, आठ. आमचा एक उंच पोट्टा होता, डोक्यानं असा मारे! अमरावती, सात. छिंदवाडा, सहा. भंडारा, पाच. वर्धा, सहा. वर्ध्याले एक गोल आमच्यावर झाला, पण थो आमच्याच माणसानं चुकून मारला. त्यायच्यानं काही होत नव्हतं."

"आणि बाबा, तुम्ही?" मार्तंडराव बसल्या जागेवरून ओरडले. "तुम्ही गोलकीपर ना?"

"मले काय काम होतं? मी आपला गोलात उभं राहून संत्री खाल्ली."

लोक टाळ्या वाजवून वाजवून दमले. चांद्याला चेंडू फुटला तो आमच्या किकने फुटला, हे शेवटी आलंच. सर मनातल्या मनात बेरीज करत होते. नऊ, आठ, सात, सहा, सहा, भंडाऱ्याचे पाच. एक्केचाळीस. म्हाताऱ्याने एकही गोल वाढवून सांगितला नव्हता. फक्त बाजू बदलल्या होत्या.

भाषण संपल्यावर सरांनी त्यांना हात देऊन स्टेजच्या पायऱ्या उतरवल्या.

"बाबा, हे काय केलं?" सर कुजबुजले.

"तुमच्या मॅडमनं हिले कायले आणलं?" चंपतराव तितक्याच हळू, पण रागाने म्हणाले. "लगनापासून सांगून राहिलो हिले का आम्ही जिंकलो म्हणून. सहासष्ट वर्षं झाली. आता भर मांडवात कसं सांगू मास्तर, का नाही जिंकलो?"

तिकडे मार्तंडराव माईकवर पोचले होते. मैदानाला हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मैदानाचं नाव 'अजिंक्य क्रीडांगण' ठेवतो आणि तसा संगमरवरी फलक स्वतःच्या हस्ते बसवतो, हेही जाहीर केलं. सरांच्या छातीवरचा एक मोठा दगड उतरला, आणि तो खाली टेकायच्या आत मार्तंडराव पुढे म्हणाले, "आणि या वर्षी विद्यापीठाची स्पर्धा आपलाच संघ जिंकणार! एक्केचाळीस नाही, बेचाळीस गोल! गजभिये सर, उभे राहा! जबाबदारी तुमची!"

सर उभे राहिले. टाळ्या झाल्या. कोपऱ्यात त्यांचा आजचा संघ उभा होता. संघात चौदा जण, त्यातले सहा प्रमाणपत्रापुरते. कर्णधार प्रशिक मिहानमधल्या एका कंपनीत रात्रपाळी करून कॉलेजात येई आणि कॉर्नर किकची वाट पाहताना उभ्या उभ्या झोपे. आत्ताही तो टाळ्यांच्या आवाजाने दचकून जागा झाल्यासारखा दिसत होता.

पाहुण्यांना घरी पोचवायची जबाबदारीही अर्थात सरांचीच होती. गाडी निघाली तेव्हा उन्हं कलली होती. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे चंपतराव शाल पांघरून, तोंड उघडं टाकून झोपले. कामठीच्या अलीकडे पार्वतीबाईंनी नवऱ्याच्या नाकापुढे हात धरून तो गाढ झोपल्याची खात्री केली आणि पुढे वाकल्या.

"मास्तर, नऊ गोल ह्यायनंच खाल्ले ना?"

सरांनी मागे वळून पाहिलं.

"मले माहीत आहे," पार्वतीबाई म्हणाल्या. "माझा मोठा भाऊ कामठीले शिकाले होता. थे मॅच पाहाले गेल्ता तो. गोलाच्या मागं उभा होता. जाळी फाटकी होती, बॉल मागं दूर जाये. नऊही खेपा त्यानंच धावत जाऊन बॉल आणून देल्ला."

"मंग?"

"मंग काय. घरी येऊन माझ्या बाबाले म्हणे, पारशिवनीचा एक पोरगा पाहून आलो. नऊ गोल खाल्ले त्यानं. पण नऊही खेपा मी बॉल देल्ला तर 'मेहरबानी भाऊ' म्हणे. एक खेपसुदा कोणावर खेकसला नाही. आपल्या पार्वतीले असा पाहा." त्या मागे टेकल्या. "तसं जमलं आमचं."

सरांनी झोपलेल्या चंपतरावांकडे एकदा पाहिलं. "आणि तुम्ही कधी सांगितलं नाही त्यायले?"

"काहून सांगू? लगनाच्या चौथ्या दिवशी हे म्हणाले, का आम्ही कामठीले नऊ गोलनं हरवलं. नवा माणूस होता मास्तर. त्याले काय म्हणू, का खोटं बोलून राहिले तुम्ही? पहिल्या खेपेले नाही बोलली, मंग राहूनच गेलं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमचे पोट्टे जिंकतीन का जी यंदा?"

"नाही आजी," सर म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर त्यांना सरळ देता आलं.

"मंग एक करजा. फोन करून ह्यायले जिंकलो म्हणून सांगजा. आता हे रोज मॅचीची वाट पाहतीन."

डिसेंबरात विद्यापीठाची स्पर्धा झाली. सरांनी महिनाभर पहाटे उठून पोरांना पळवलं, गुडघ्यांना पट्ट्या बांधून स्वतःही पळाले. प्रशिकने रात्रपाळी बदलून घेतली आणि तो पूर्ण सामनाभर जागा होता. पहिल्याच फेरीत संघ पाच-शून्यने हरला.

मॅडमनी 'खिलाडू वृत्तीचे उत्कृष्ट दर्शन' असा अहवाल लिहायला सांगितला. मार्तंडराव दोन दिवस गप्प होते. पण फलक लागून गेला होता आणि त्यावर त्यांचं नाव मैदानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. स्वतःच्या नावासकट तो उखडून तिथे लॉन करणं त्यांच्यानेही झालं नसतं. म्हशी सकाळी पूर्ववत येऊ लागल्या.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर मैदानाच्या कडेला पायरीवर बसले, बूट सैल केले आणि पारशिवनीला फोन लावला. शब्द घोकून ठेवले होते.

"बाबा, गजभिये बोलतो. कालची मॅच जिंकलो आपण. पाच-शून्य."

मग चंपतराव अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, पेपरात वाचलं मी. हरले तुमचे पोट्टे."

सरांनी सैल केलेल्या बुटाची नाडी पुन्हा बांधायला घेतली.

"पेपर मी गोठ्यात लपवून ठेवला," चंपतराव तसेच कुजबुजले. "ही सकाळपासून दहा खेपा विचारून राहिली, मॅचीचं काय झालं, मॅचीचं काय झालं. आता फोनचा आवाज मोठा करतो मी. ही आतून इकडंच येऊन राहिली. थे पाच-शून्य तेवढं चांगलं सांगजा."

खरखर झाली. मग चंपतरावांचा नेहमीचा खणखणीत आवाज आला, "हाव मास्तर, बोला! कोण जिंकलं म्हणता?" आणि त्यांच्या मागे पार्वतीबाईंचा, तितकाच उत्सुक, "सांगा जी, सांगा! कोणं मारला पहिला गोल?"

मैदानावर प्रशिक एकटाच चेंडू भिंतीवर मारत होता. गजभिये सरांनी दुखरा गुडघा हळूच सरळ केला, पाठ खांबाला टेकवली आणि म्हणाले, "चौथ्याच मिनिटाले बसला, आजी. डाव्या अंगानं."